आठ दिवसांची कळ

चिंचटाकळी, ता. पाथर्डी
८ जून २०२५

चि. पंकजा हिस तात्याचे अनेक आशीर्वाद.

तू सावेडीच्या होस्टेलात हुतीस तवा तिथं मोबाईल चालत न्हवता, आन मी दर महिन्याला कागद लिव्हायचो. ती सवय काय सुटत न्हाई. फोनवर खुशाली कळते, बोलनं व्हत न्हाई. म्हनून लिव्हायला बसलो.

रुपालीनं तुला थोडं सांगितलंच असंल. हर्नियाचं ऑपरेशन करायचं म्हनून नगरला गेल्तो, लेकीकडंच उतरलो. ऑपरेशनच्या आधी छातीची पट्टी, ते ईसीजी का काय म्हनत्यात ती, काढली. ती बघून डॉक्टर म्हनला, आधी अँजिओग्राफी, मग बाकीचं. मनगटातून तार घातली. मी जागाच हुतो. समोरच्या टीव्हीवर माझंच काळीज हलताना दिसत हुतं.

डॉक्टरनं दुसऱ्या डॉक्टरला बोलावलं. दोघं बघत बसले. मला वाटलं, संपलं. तर तो म्हनतो, "काका, तुमची डावीकडची मोठी नस पूर्ण बंद आहे. आजची नाही, दहा-बारा वर्षांपूर्वीची असेल. तुम्हाला कधी ॲटॅक आला होता का?" म्हनलं, न्हाई. मग त्यानं बोट लावून दाखवलं. उजव्या बाजूच्या नसेतून केसावानी बारीक नसा फुटून पार डावीकडं गेलेल्या, आन बंद पडलेल्या भागाला त्याच रक्त पुरवतात. काळजाला डागसुदिक न्हाई. म्हनला, "तुमच्या शरीरानं स्वतःचा बायपास स्वतःच करून घेतलाय. हे सगळ्यांच्या नशिबात नसतं, रक्तातच असावं लागतं." गोळ्या दिल्या आन घरी धाडलं.

आता सगळ्या गावात मी हेच सांगत फिरतोय. पन मला नीट समजलं न्हाई. तू याच्यावरच अभ्यास करतेस ना? सोप्या भाषेत लिव्ह. रुपालीला आन तिच्या पोरांला हे उतरलं असंल का?

तुझी आई बरी हाय. तुझा भाऊ आदिनाथ नागापूरच्या कंपनीतून शनिवारी येऊन जातो. तब्येतीला जप, येळेवर जेव.

तुझा
कानिफनाथ तात्या


पाषाण, पुणे
१७ जून २०२५

ती. तात्यांस सा. न.

तुमचं पत्र उभ्यानंच वाचून काढलं, मग हसू आलं. स्वतःचं काळीज टीव्हीवर बघून गावभर सांगत फिरणारे तुम्हीच. पण गोळ्या मात्र एकही दिवस चुकवायच्या नाहीत. बंद नस उघडलेली नाही, फक्त तिला पर्याय मिळालाय.

तुम्ही विचारलंत ते सांगते. हृदयावर मोठ्या नसा दोन-तीनच, पण त्यांच्यामध्ये जोडणाऱ्या फार बारीक वाटा काही माणसांत जन्मापासून असतात. एरवी त्यांचं काहीच काम नसतं. मोठी नस हळूहळू भरत गेली की या बारीक वाटांतून रक्ताचा रेटा वाढतो, आणि त्या रेट्यानं त्या रुंद होत जातात. काहींच्या इतक्या रुंद होतात की मोठी नस बंद पडली तरी हृदयाला कळत नाही. तुमचं तसं झालं. काहींच्या मात्र वाढतच नाहीत. नस तेवढीच भरलेली, वय तेवढंच, काम तेवढंच, आणि एक माणूस चालत घरी जातो, दुसरा जागीच कोसळतो.

हा फरक कशामुळे, हेच आमच्या प्रयोगशाळेत शोधतात. साखरेचा आजार असला की वाढ कमी होते, हे माहीत आहे. पण बराचसा फरक जनुकांचा असावा, म्हणजे आईबापांकडून आलेला. उंदरांत हे स्वच्छ दिसतं. माणसांत अजून आम्ही चाचपडतोय. म्हणून रुपालीताईला उतरलं असेल का, याचं खरं उत्तर "असेलही, नसेलही" एवढंच. सख्ख्या भावांतसुद्धा एकाला असतं, दुसऱ्याला नसतं.

आमच्याकडे अशाच घरांचा अभ्यास चालू आहे. तुमची हरकत नसेल तर सोबतचा फॉर्म भरून द्या. रक्त नगरलाच घेतील, ताई घेऊन जाईल. नमुन्यावर नाव नसतं, नंबर असतो. मागच्या पानावर तुमच्या दुखण्याची हकिगत लिहा. पहिल्यांदा कधी दुखलं, काय करताना, किती दिवस, कमी कशानं झालं. जेवढं आठवेल तेवढं. घरात कुणी अचानक गेलं असेल तर तेही लिहायचं असतं. तुमच्या भावाचं, म्हणजे आमच्या आप्पांचं, मीच लिहिलं आहे, "मृत्यू वय ३८, दारू." ते तुम्ही लिहू नका, तुम्हाला त्रास होतो.

तुम्ही नसतात तर मी या अभ्यासापर्यंत आले नसते. तेव्हा तुमचं काळीज माझ्याच अभ्यासाला लागलं, याचं मला किती बरं वाटतंय ते कागदावर येत नाही.

तुमची
पंकजा


चिंचटाकळी
२९ जून २०२५

चि. पंकजास आशीर्वाद.

फॉर्म भरून रुपालीच्या हाती दिला. रक्तबी दिलं. तिथल्या पोरीनं दोन बारक्या बाटल्या घेतल्या, मला काय कळलंसुदिक न्हाई.

दुखन्याचं तिथल्या पानावर मावत न्हवतं, म्हनून इथं लिव्हतो. तू नववीत हुतीस त्या सालची गोष्ट. मी तवा ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम, पन मानूस कमी पडला की सोता मोळी उचलायचो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला फळी लावलेली असती, तिच्यावरून डोक्यावर उसाची मोळी घेऊन चढायचं. एक दिवस फळीच्या मधावरच छातीत कळ आली. कुनीतरी मूठ आवळल्यावानी. डावा हात जड. खाली उतरलो, दोन घोट पानी प्यालो, परत चढलो. दुसऱ्या खेपेला कमी झाली. मग रोजच यायची. पहिल्या दोन मोळ्यांला दुखायचं आन नंतर अंग गरम झालं की जिरायचं. कुनाला बोललो न्हाई. मुकादमच बसला तर टोळी बसती. असं चार-पाच महिने गेलं. पुढच्या साली कळ बंदच झाली. ना डॉक्टर, ना गोळी.

तवापासून मी टोळीत सगळ्यांला सांगायचो, दुखलं म्हनून बसायचं न्हाई, काम केलं की जिरतं. अंगदलाबी मी तेच सांगितलं. पन त्याला ते साधलं न्हाई. ज्याचं त्याचं रक्त, तू लिव्हलंस तसं.

पावसानं ओढ दिली हाय. बाकी ठीक.

तुझा तात्या


पुणे
५ जुलै २०२५

तात्या,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. दुखण्याची हकिगत अभ्यासाला फार उपयोगी आहे, ती उतरवून घेतली.

एका ओळीबद्दल विचारते. "अंगदलाबी मी तेच सांगितलं." आप्पांना काय सांगितलंत? कधी सांगितलंत? त्यांची छाती दुखत होती का? किती दिवस दुखत होती?

आम्हाला तुम्ही सांगितलं होतं की आदल्या दिवशी ते खूप प्यायले होते आणि दुपारी झोपेतच गेले.

फोन करत नाही. तुम्ही लिहूनच कळवा.

पंकजा


चिंचटाकळी
२१ जुलै २०२५

चि. पंकजास आशीर्वाद.

कागदाला उशीर झाला, बाजरीच्या पेरणीत हुतो.

पोरी, बारा वरसांमागचं काय काय आठवायचं? टोळीत चाळीस मानसं. रोज कुनाचं तरी पोट, कुनाची कंबर. मुकादमानं कुनाकुनाला काय सांगितलं त्याचा काय हिशोब राहतो व्हय? अंगदला मी म्हनलो असंल बस, न्हाईतर म्हनलो असंल उठ. आता काय सांगू. दारूचं तिथले लोकच बोलत हुते, मी आपलं तुमच्या कानावर घातलं.

डॉक्टरनं मला ताण घेऊ नको म्हनून सांगितलंय. तू माझ्या लेकीवानी हाइस. तुझा बाप गेला त्या दिवसापासून रुपालीत आन तुझ्यात मी काडीचा फरक केला न्हाई. तुझ्या अॅडमिशनला नगरच्या कालेजात तीन दिवस बसून राहिलो हुतो, आठवतं का? मग हे असलं पोलिसावानी कशाला विचारतेस.

अभ्यास नीट कर.

तात्या


पुणे
११ ऑगस्ट २०२५

तात्या,

मी गेल्या रविवारी पाथर्डीला येऊन गेले. घरी आले नाही. आईला माहीत नाही.

बन्सी मामांना भेटले. तुमच्या टोळीत होते ते. आता स्टँडजवळ चहाची टपरी चालवतात. मी अंगदची मुलगी म्हणून सांगितलं तर आधी चहाच दिला आणि दुसरीकडे बघत राहिले. मी विचारलं, आप्पा प्यायचे का? त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "तुझ्या बापानं जन्मात थेंब घेतला न्हाई. तंबाकू खायाचा, बस."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ते जसं सांगितलं तसं लिहिते, म्हणजे तुम्हाला आठवायला सोपं जाईल.

"आठ दिवस दुखत हुतं त्याला. फळीवर चढताना थांबायचा. सकाळच्याला घाम यायचा. मुकादमाला चारदा म्हनला, दादा, मला तालुक्याला दाखवून आनतो. मुकादम म्हनायचा, मलाबी असंच हुतं, दोन मोळ्या टाक, जिरतं. शेवटच्या दिशी दुपारी ट्रॉलीच्या सावलीत बसला. तोंड पांढरं पडलेलं. ट्रॅक्टर निघायचा खोळंबला हुता. मुकादम आला आन सगळ्यांदेखत म्हनला, बायका भरतात आन तू बसतोस व्हय? मग मोळ्या सोड आन बायकांत जाऊन उसाच्या शेंड्याचं वाढं बांध. अंगद उठला. दोन मोळ्या टाकल्या. तिसरीला फळीवरून मोळीसकट खाली आला."

मी विचारलं, मग दारू कुठून आली? म्हणाले, "कारखान्याचे लोक आले, पोलीस आला. इचारलं, दवाखान्यात का नेलं न्हाई? मुकादम म्हनला, पिऊन पडला हुता, आमाला वाटलं उतरली की उठंल. तेच लिव्हलं गेलं." तुम्ही का नाही बोललात, असं मी त्यांना विचारलं. त्यांनी कप विसळत सांगितलं, "पुढल्या सालीबी त्याच टोळीत जायचं हुतं, बाई."

तात्या, त्या साली माझी दहावी होती. आई दरवर्षी आप्पांबरोबर जायची, त्या साली माझ्या परीक्षेसाठी मागे राहिली आणि आप्पा एकटे गेले. मी बारा वर्षं असं समजत आले की आई बरोबर नव्हती म्हणून त्यांना दारूची सवय लागली, आणि आई बरोबर नव्हती ती माझ्यामुळे. हे मी दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हाला सांगितलं होतं. होस्टेलच्या फाटकाशी उभं राहून रडत सांगितलं होतं. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "पोरी, तुझा काय दोष न्हाई. त्याचंच मन कच्चं हुतं."

तुम्ही त्या क्षणी खरं बोलू शकला असतात. तिथं पोलीस नव्हता, कारखाना नव्हता. सोळा वर्षांची मी होते.

पंकजा


चिंचटाकळी
२६ ऑगस्ट २०२५

पंकजा,

आशीर्वाद लिव्हायला हात धजत न्हाई. तरी लिव्हतो.

बन्सीनं सांगितलं ते खरं हाय. चारदा म्हनला का पाचदा ते मला आठवत न्हाई. बायकांत जा म्हनलो ते आठवतं. ते मी रोज ऐकतो.

पन एक गोष्ट तू समजून घे. मी त्याचा वैरी न्हवतो. आई गेली तवा तो नऊ वरसांचा, मी त्याला खांद्यावर घेऊन हिंडलोय. मला सोताला तसंच दुखलं हुतं. मूठ तीच, घाम तोच, हात तोच. आन माझं काम केल्यानं गेलं. मी त्याला खोटं औषध दिलं न्हाई, जे मला लागू पडलं तेच दिलं. मला वाटायचं, एका आईच्या पोटचे आपन, मला जे साधतं ते याला का साधू न्हाई? मला रागच यायचा त्याचा. वाटायचं, भावाची टोळी म्हनून सवलत मागतो. लोक काय म्हनतील.

फळीवरून पडला तवा मी पळत गेलो. डोळे उघडेच हुते. मी त्याला "उठ रे" म्हनलो. तवाबी मला वाटलं, ढोंग करतो.

दारूचं मी भिऊन बोललो. एकदा बोललो आन मग ते माघारी घेता आलं न्हाई. घरी आलो तवा तुझी आई दारात हुती. तिनं इचारलं, कशानं गेले? आन माझ्या तोंडातून तेच निघालं.

तुला शिकवलं ते त्याच्यासाठीच. दुसरं काय करनार हुतो.

आता एक मागतो. तू माझं रक्त तपासलंस. तुझ्या अभ्यासात दिसतंय ना, की काहींच्या नसा वाढतात आन काहींच्या वाढत न्हाईत? अंगदच्या रक्तातच ते न्हवतं. मग मी बसू दिलं असतं तरी तो कधीतरी गेलाच असता ना? आज न्हाईतर उद्या, फळीवर न्हाईतर घरात? एवढं तू मला लिव्हून दे. तू शिकलेली हाइस, तुझ्या शब्दाला किंमत हाय. तेवढा एक कागद मिळाला तर मी निवांत मरंल.

कानिफनाथ


पुणे
२ सप्टेंबर २०२५

तात्या,

तुम्हाला हवा तो कागद मी देणार नाही. रागानं नाही. तो खोटा होईल म्हणून.

पहिलं, आप्पांचं रक्त कुणाजवळच नाही. त्यांच्या रक्तात काय होतं, हे मला कधीच कळणार नाही. तुमच्यात एक गोष्ट आहे म्हणून त्यांच्यात ती नव्हती, असं सिद्ध होत नाही. कदाचित त्यांच्याही बारीक वाटा होत्या, पण वाढायला वेळ मिळाला नाही. तुमच्या वाटा रुंद व्हायला चार-पाच महिने लागले. त्यांना तुम्ही आठ दिवस दिलेत. कदाचित त्यांची नस हळूहळू भरलीच नाही, एकदम बंद झाली. मी हजार पानं वाचली तरी याच्यापुढे जाता येत नाही.

दुसरं, नसाच नव्हत्या असं धरून चालू. अशी माणसं मी अभ्यासासाठी रोज बघते. त्यांना पर्यायी वाट नाही, एक नस बंद पडली की हृदय मरायला लागतं. म्हणूनच त्यांना दवाखान्यात न्यायचं असतं. साध्या दवाखान्यात पट्टी काढली असती तरी दिसलं असतं. एक गोळी जिभेखाली, एक चघळायला, आणि मोठ्या गावाला जाणारी गाडी. तुमची टोळी होती त्या भागात दर दहा-पंधरा मैलांवर दवाखाना आहे. अशा कितीतरी माणसांना मी दोन-दोन, पाच-पाच वर्षांनी तपासणीला चालत आलेलं पाहते. कमी नसांच्या माणसानं लवकर मरायचं असतं असं माझ्या अभ्यासात कुठंही लिहिलेलं नाही. त्याला बसू द्यायचं असतं, एवढंच लिहिलेलं आहे.

तुमचं शरीर तुम्हाला वाचवत होतं आणि तुम्हाला वाटलं तुमची हिंमत वाचवतेय. तुम्हाला ते माहीत नव्हतं, हे मी मान्य करते. त्यासाठी मी तुम्हाला काही म्हणत नाही. पण ते माहीत नसलं तरी, भाऊ चारदा "दाखवून आणतो" म्हणतोय, हे ऐकू येत होतं.

मी एकच मागते. गावात आईला अजून दारुड्याची बायको म्हणतात. आदिनाथचं लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीच्या मामानं पहिला प्रश्न तोच विचारला, बाप पिऊन मेला ना? पितृपक्षात आप्पांच्या तिथीला भावकी जेवायला येते. त्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून सांगा. नंतर आईला वेगळं सांगा. तिला काही माहीत नाही, तिला सांभाळून सांगा.

शिकवलंत त्याबद्दल मी तुमची आभारी होते. आता काय आहे, ते मला माहीत नाही.

पंकजा


चिंचटाकळी
१८ सप्टेंबर २०२५

माझी पंकी,

मी चौथी शिकलेली. तुला मी कधी कागद लिव्हला न्हाई. चुका काढू नको.

काल तुझ्या आप्पाचं पित्र झालं. मी सकाळपासून चुलीपाशी. आमटी, खीर, वडे केले. भावकीची पंगत बसली. पानं वाढली तर तात्या उभे राहिले. त्यांचा आवाज बारीक झाला हुता. म्हनले, "जेवायच्या आधी एक ऐका. माझा भाऊ दारू पिऊन मेला न्हाई. तो दारूला शिवला न्हाई. आठ दिवस त्याची छाती दुखत हुती आन मी त्याला मोळी उचलायला लावली. दारूचं मी खोटं सांगितलं." एवढं बोलून बसले.

मग तुझे चुलत आजोबा म्हनले, "बरं आता झालं गेलं, पोरं उपाशी हायत, वाढा." मी वाढलं. सगळे जेवले. आमटी चांगली झाली म्हनले.

मानसं गेल्यावर तात्या मागच्या दाराला आले. माझ्या पायाशीच बसले. मी मागं सरकले. म्हनले, "भीमा, माफ कर." लई रडले. मी म्हनले, "मला ठावं हाय."

त्यांना वाटलं, पंगतीत ऐकलं ते म्हनते. मी म्हनले, न्हाई. पहिल्या सालापासून ठावं हाय. बन्सीची बायको उन्हाळ्यात माझ्याकडं आली हुती, तिनं रडत रडत सगळं सांगितलं.

त्यांनी डोळं पुसलं. इचारलं, "मग बोलली का न्हाईस?" मी म्हनले, "पंकी शिकत हुती."

पंकी, तुलाबी तेच सांगते. ते तुला होस्टेलात सोडायला गेले, कपडे आनले, फाटकाशी तुझ्यासाठी भाकरी घेऊन उभे राहायचे. ते मला दिसत हुतं की ह्यो अपराध बोलतोय. मी त्याला बोलू दिलं. मी तोंड उघडलं असतं तर सगळ्या गावात ते खोटे पडले असते. मग तुला शिकवायला कोन आलं असतं? तू नववीतच कोयता धरलास तो परत धरावा लागला असता. लोक मला दारुड्याची बायको म्हनायचे. म्हनू दे म्हनले. कानाला भोकं हायत, एकातून जायचं.

तुझ्या मनात परीक्षेचं हाय हे मला कळत हुतं. दहावीचा निकाल लागला तवा तू पेढा तोंडात घातला न्हाईस. मी तवा सांगायला पायजे हुतं. पन तुला सांगितलं असतं तर तू नगरला गेलीच नसतीस. तात्याचं तोंड बघितलं नसतंस. म्हनून मी तुला तसंच राहू दिलं. रोज वाटायचं, एवढी शिकू दे, मग सांगीन. मग आनखी शिकायला लागलीस. मग आनखी.

तात्या उठले. टेकाडाच्या वाटेनं घराकडं गेले. तुला ती चढन माहीत हाय, धडधाकट मानूस दोनदा टेकतो. ते एकदाबी थांबले न्हाईत. वर जाईस्तवर मी बघत हुते. तुझा आप्पा त्याच वाटंनं शेवटच्या साली चढायचा तवा दर पाच पावलांला थांबायचा. मी त्याला म्हनायचे, चला लवकर, भाकऱ्या राहिल्यात. मीबी म्हनायचे, पंकी.

तुझी आई
भीमाबाई


पुणे
२९ सप्टेंबर २०२५

आई,

तुझं पत्र आलं. अक्षर छान आहे तुझं.

मला काय लिहावं ते सुचत नाही म्हणून दहा दिवस गेले. तुझ्यावर रागावले असं लिहिलं तर तू आयुष्यभर काय सोसलंस ते मला दिसत नाही असं होईल. रागावले नाही असं लिहिलं तर ते खरं होणार नाही. तू माझ्यासाठी केलंस हे मला कळतं. पण ज्या दिवशी बन्सी मामांच्या बायकोनं तुला सांगितलं, त्या दिवशी तुझ्या शेजारी मी बसले होते. तूच सांगितलं होतंस मला त्या उन्हाळ्यात, "बाहेर जाऊन बस, मोठ्यांचं बोलणं चाललंय." मी बाहेर उंबऱ्याला टेकून बसले आणि आप्पा माझ्यामुळे गेले असं समजत राहिले. तू दार उघडलंस तेव्हा मला पाणी दिलंस. एवढंच.

मला शिकवायला दोन माणसं उभी होती आणि दोघांनी मिळून माझ्यापासून माझा बाप लपवला. आता मला सगळे विचारतात, हा अभ्यास तुला कसा सुचला? मी सांगायची, वडील हृदयविकारानं नाही, दारूनं गेले, तरी मला हृदयातच रस आहे. लोक हसायचे. मीही हसायची.

तात्यांना सांग, ते बोलले ते मला आदिनाथनंही कळवलं. मी त्यांना पत्र लिहिणार नाही. त्यांच्या गोळ्या मात्र चालू ठेवायच्या. त्या बंद केल्या तर मला कळवू नका.

या दिवाळीला मी येत नाही. पुढच्या दिवाळीचं आता विचारू नको.

एक काम आहे. आदिनाथ बावीस वर्षांचा झाला. नागापूरला दिवसभर लोखंडाचे जड भाग उचलतो, आणि मे महिन्यात मला फोनवर म्हणाला, ताई, जिना चढताना हल्ली छाती भरून येते. मी म्हटलं डॉक्टरला दाखव, तर तो म्हणाला, "तात्यांना विचारलं, ते म्हणाले काम केलं की जिरतं." हे तेव्हा मी ऐकून सोडून दिलं होतं. मीसुद्धा.

माझ्या ओळखीच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. येत्या सोमवारी सकाळी दहाला. त्याला रविवारीच पुण्याच्या एसटीत बसवून दे. सामान जड देऊ नको. पोरगं वाटेत कुठं दम लागून बसलं तर बसू दे त्याला.

त्याला एकट्यालाच पाठव. सोबत तू येऊ नकोस.

पंकजा